थंडीत टिलर रंगवताय? आधी घड्याळ बघा!

भात झोडून झालं, पॉवर टिलर रिकामा झाला, की आपल्या भोर-वेल्ह्यात ब्रश निघतात. कधी? दिवसभराची कामं उरकून, रात्री बल्बच्या उजेडात. हे साफ चुकतंय.

मीही पौषात तेच केलं. सकाळी रंगावर पांढुरकी झाक. आषाढात चिखलणीला पापुद्रे निघाले, खाली गंज. दोन पावसाळ्यांत वेल्डिंगचा सांधा सुटला. ऐन आवणीत खाचरात पाणी उभं आणि बाया बांधावर बसून!

वर आपण म्हणणार, "रंगच भिकार." अहो, रंग नाही, वेळ भिकार! उघड्यावरचं लोखंड रात्री हवेपेक्षा गार होतं, त्यावर दव धरतं. त्या ओलीवर रंग मारणं म्हणजे गंजाला पांघरूण घालणं. ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजननं वाळतो, थंडीत ते मंदावतं. जास्त थिनर ओतून थर पातळ होतो, ऊब येत नाही.

"चिखलातच जायचंय, रंग कशाला?" असंही कुणी म्हणतं. अरे बाबा, चिखल आणि खताचे क्षार लोखंड खातात, म्हणूनच रंग!

टिलर धुवा, उन्हात वाळवा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर मारा. लोखंड हाताला कोमट लागलं की अकरा ते दोनमध्येच रेड ऑक्साइड. ते ओल पितं, नुसतं सोडू नका. नीट वाळलं की रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस सोडून. रात्री टिलर पडवीत.

चार दुपारी मोडतील. आवणीतला एक दिवस मोडण्यापेक्षा स्वस्त.