नकाशातील रस्ता आणि जमिनीवरील भिंत

बीदर, भालकी, हुमनाबाद, उदगीर या बाजूच्या मराठी घरांत ‘हैदराबादेस जागा घेतली’ हे वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारले जाते. मुलगा तेथे नोकरीस लागलेला असतो, मुलगी तेथे दिलेली असते, किंवा निवृत्तीची रक्कम नुकतीच हाती आलेली असते. शिवाय हैदराबाद या मुलखाला कधीच परके नव्हते; १९५६ पर्यंत ती या मुलखाची राजधानीच होती. जागा किती वार, भाव काय पडला, तोंड पूर्वेला की पश्चिमेला, हे सारे पाहुण्यांना हौसेने सांगितले जाते. त्या जागेस जाणारा रस्ता कोणाचा आहे, हे विचारणारा मात्र विरळा. आणि त्याचे उत्तर देऊ शकणारा त्याहून विरळा. आज आम्ही लिहीत आहोत ते या न विचारलेल्या प्रश्नाविषयी.

सोलापूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या ६५ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने जहीराबाद ओलांडले, की शेतांच्या मधोमध रंगविलेले दगड आणि फडफडणारी निशाणे दिसू लागतात. एक कमान असते, कमानीच्या आत मुरूम पसरलेला एक पट्टा असतो, आणि झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या माणसाच्या हाती एक रंगीत नकाशा असतो. त्या नकाशात ४० फुटी रस्ता आहे, उद्यान आहे, शाळेची जागा आहे. गिऱ्हाईक नकाशाकडे पाहून पैसे देते. नकाशावर कोणाची सही आहे, ती कच्च्या मंजुरीची आहे की अंतिम, हे पाहण्याची तसदी घेतली जात नाही. कारण समोरचा मनुष्य आदबीने चहा देत असतो आणि चहा पिता पिता सहीचा विषय काढणे आपल्याकडे असभ्यपणाचे मानले जाते!

मंजुरी म्हणजे नेमके काय, ते तरी एकदा समजून घेतले पाहिजे. हैदराबादभोवतीच्या विस्तीर्ण टापूत नव्या वसाहतीचा लेआउट मंजूर करण्याचा अधिकार २००८ पासून महानगर विकास प्राधिकरणाकडे आहे. त्यापूर्वी १९७५ पासून हे काम नागरी विकास प्राधिकरण पाहत असे. शेतजमीन बिनशेती झाल्याचा आदेश, मालकीच्या कागदांची साखळी, मोजणीचा नकाशा, जवळ तळे वा नाला असल्यास पाटबंधारे व महसूल खात्यांचे ना-हरकत पत्र, इतके जोडून मालकाने आराखडा दाखल करावयाचा असतो. तपासणीअंती जी मिळते ती कच्ची मंजुरी. ती देताना प्राधिकरण १५ टक्के भूखंड स्वतःकडे गहाण ठेवून घेते. मालकाने रस्ते, गटारे, पाण्याचे नळ, विजेचे खांब, झाडे हे सारे प्रत्यक्ष करावे. १० टक्के जागा मोकळी सोडावी. ती मोकळी जागा आणि रस्ते नोंदणीकृत दानपत्राने स्थानिक संस्थेच्या स्वाधीन करावेत. मग अंतिम मंजुरी मिळेल आणि गहाण सुटेल, असा हा क्रम आहे. क्रम चांगला आहे. ज्याने तो आखला त्याला माणसाच्या स्वभावाची पारख होती, असेच म्हणावे लागेल. दानपत्र होईपर्यंत तो रस्ता विकणाऱ्याच्या नावावर असतो, आणि दानपत्र झाले की तो सर्वांचा होतो. सारे मर्म या एका कागदात आहे.

विकणाऱ्यास रस्ता अरुंद करण्याचा मोह का होतो, हे समजण्यास साधे त्रैराशिक पुरे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात १२१ चौरस वार. हजार फूट लांबीचा रस्ता ४० फुटांऐवजी ३० फुटांचा केला, तर १०,००० चौरस फूट, म्हणजे नऊ गुंठ्यांहून अधिक जागा वाचते. २०० वारांचे पाच भूखंड त्यातून निघतात आणि वर सहाव्याचा अर्धा उरतो. कोपऱ्यावरच्या भूखंडाचा कोन वळणासाठी छाटावा, असा नियम आहे. तो न छाटला तर आणखी काही वार. उद्यानाच्या जागी चार भूखंड पाडले, तर विचारावयासच नको. ही दहा फुटे कोणाच्या खिशात गेली, हे वसाहतीत पहिली आग लागते आणि बंबाला वळता येत नाही तेव्हा कळते. तोपर्यंत विकणारा दुसऱ्या गावी दुसरी कमान उभारून बसलेला असतो.

हैदराबादला हे नवे आहे, असे कोणी म्हणू नये. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने शहर उद्ध्वस्त केले. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांस पाचारण केले. त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली बांधून झाला. इतकेच करून ते थांबले नाहीत. १९१२ साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि दाट, कोंदट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे, गटारे बांधणे, आधी रस्ता आणि मग घर या क्रमाने नव्या वसाहती वसविणे, हे काम त्याने हाती घेतले. पत्थरगट्टीची ती एकसारख्या कमानींची दुतर्फा बाजारपेठ आजही उभी आहे. त्या राजवटीचे आम्ही गोडवे गातो असे नाही. तिच्या दोषांची किंमत या मुलखाने मोजलेली आहे. परंतु पाणी उतरल्यावर पहिले काम रस्त्याचे, ही अक्कल त्या मंडळाजवळ होती, हे मान्य केलेच पाहिजे.

पुढील काळात मात्र क्रम उलटला. शहर वाढले, भोवतालच्या खेड्यांतील शेते वारांच्या मापाने विकली जाऊ लागली. ग्रामपंचायतीचा शिक्का हीच मंजुरी, असे गिऱ्हाइकांना सांगितले गेले. वास्तविक नगररचना खात्याच्या तांत्रिक मान्यतेवाचून असा लेआउट मंजूर करण्याचा अधिकार पंचायतीला नव्हता. पण शिक्का गोल होता आणि शाई जांभळी होती, एवढे लोकांना पुरले. मग नियमितीकरणाच्या योजना आल्या. २००७ च्या अखेरीस एक, २०१५ साली दुसरी, ३१ ऑगस्ट २०२० रोजी तिसरी. या तिसऱ्या योजनेत २५ लाखांहून अधिक अर्ज आले. पंचवीस लाख अर्ज म्हणजे अपवाद नव्हे. नियम कोणता आणि अपवाद कोणता, याचाच हा निकाल आहे.

या योजनेची रीत पाहण्यासारखी आहे. लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडलेली नसेल, तर त्या उणिवेबद्दल भूखंडाच्या किमतीच्या १४ टक्के रक्कम भरावी. कोणी? ज्याने उद्यान विकून खाल्ले त्याने नव्हे. ज्याने ते न मिळता भूखंड घेतला त्याने! दहा लाखांचा भूखंड असेल तर एक लाख चाळीस हजार. सुरुवातीस ही किंमत चालू भावाने धरावयाची होती; ओरड झाल्यावर खरेदीच्या वेळच्या भावाने धरण्याची सुधारणा झाली, आणि २०२५ साली लोकांनी रक्कम भरावी म्हणून शुल्कात २५ टक्के सूट देण्यात आली. रक्कम भरली की कागद नियमित होतो. पण त्या पैशातून त्याच वसाहतीत एक वार तरी मोकळी जागा निर्माण होते काय? घरे बांधून झालेल्या गल्लीत ती आणावयाची कोठून? शुल्काने रस्ता तसूभरही रुंद होत नाही.

आणि नियतीचा विनोद पाहा. या योजनेचे अर्ज करण्याची मूळ मुदत १५ ऑक्टोबर २०२० होती. १३ ऑक्टोबरला हैदराबादेत जो पाऊस सुरू झाला, त्याने दोन दिवसांत शहराच्या सखल वसाहती पाण्याखाली घातल्या. फलकनुम्याकडील अल जुबैल कॉलनीत तळ्याचे पाणी शिरले. टोलीचौकीच्या नदीम कॉलनीत होड्या चालविण्याची वेळ आली. तळ्याच्या पात्रातील भूखंड योजनेतून वगळलेले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. दहा हेक्टर वा त्याहून मोठ्या तळ्याभोवती ३० मीटर आणि लहान तळ्याभोवती ९ मीटर जागा मोकळी ठेवावी, हा नियमही आधीपासून आहे. परंतु कागदावर तळे कोठे संपते आणि पावसाळ्यात कोठे संपते, यांत फरक असतो. हा फरक ज्या वसाहतींनी त्या दोन दिवसांत अनुभवला, त्यांना नियमाचा क्रमांक सांगून काय उपयोग?

दुसरी बाजू आम्हांस ठाऊक नाही असे नाही. पोटाला चिमटा घेऊन दोनशे वार घेणाऱ्या कारकुनास वा शिक्षकास बेकायदा म्हणून घराबाहेर काढणे हा न्याय नव्हे. मंजुरीच्या वाटेत खाती अनेक, टेबले अनेक, आणि प्रत्येक टेबलावर फाइल किती काळ विसावेल याचा नेम नाही. त्यामुळे प्रामाणिक मालकासही आडवाट जवळची वाटू लागते. २०२० च्या कायद्याने तेलंगणात ठराविक मुदतीत संगणकाद्वारे परवानगी देण्याची पद्धत सुरू झाली, हे योग्यच झाले. नियमितीकरण नकोच, असे आमचे म्हणणे नाही. ते करताना दंड चुकीच्या माणसाला बसतो, हे आमचे म्हणणे आहे.

आता वहिवाटीचा प्रश्न. कायद्याच्या भाषेत ज्याला सुविधाधिकार म्हणतात, तो आपल्या शेतकऱ्यास नवा नाही. १८८२ च्या कायद्याचे तत्त्व असे की, आपल्या जमिनीचा आतला तुकडा कोणी विकला आणि त्यास दुसरीकडून वाट नसेल, तर विकणाऱ्याच्या उरलेल्या जमिनीतून वाट मिळण्याचा हक्क घेणाऱ्यास आपोआप प्राप्त होतो; आणि वीस वर्षे उघडपणे, हक्काने, अडथळ्यावाचून चाललेली वाट कोणास मनास येईल तेव्हा बंद करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात शेताची वाट अडविली तर १९०६ च्या कायद्याखाली मामलेदाराकडे धाव घेता येत असे. महाराष्ट्रात ती सोय आजही आहे. शेतात जी पाणंद बांधावरच्या भांडणातूनही टिकून राहिली, ती शेताची वसाहत होताच नाहीशी होते, ही खरोखर विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

कारण वसाहतीभोवती भिंत उभी राहते. हैदराबादच्या पूर्वेस पोचारमजवळ दिव्यनगर नावाचा सुमारे २०० एकरांचा लेआउट आहे. त्याभोवती सुमारे ४ किलोमीटर लांबीची भिंत होती आणि आसपासच्या वसाहतींतील लोकांना मुख्य रस्त्यावर येण्यासाठी वळसा घ्यावा लागे. जुलै २०२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हायड्रा’ या यंत्रणेने जानेवारी २०२५ मध्ये ती भिंत पाडली आणि रस्ते एकमेकांस जोडले गेले. भिंतीच्या आतील माणसाचे म्हणणे आम्ही ऐकले आहे: चोरांची भीती, मुलांची सुरक्षितता, बाहेरच्या वाहनांचा उपद्रव. यांत तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु मंजूर लेआउटातील रस्ता एकदा दानपत्राने सार्वजनिक झाल्यावर तो भिंतीच्या आतील लोकांचा तेवढा राहत नाही. पहारेकरी ठेवावा, दिवे लावावेत. वाट अडविता येत नाही. आणि पाडण्याचा पराक्रम ज्या यंत्रणेच्या नावावर जमा झाला, तिची स्तुती करताना हेही विचारले पाहिजे की भिंतीचा पहिला थर रचला जात असताना स्थानिक अधिकारी कोठे पाहत होते?

मोकळ्या जागेबाबत सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच खडसावले आहे. बंगळूरच्या राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा एका खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. रुग्णालय चांगले की उद्यान, हा वादच नव्हता. नकाशात लोकांसाठी सोडलेली जागा सत्तेवर असलेल्यांच्या इच्छेने दुसऱ्यास देता येत नाही, हा मुद्दा होता. ते रहिवासी गप्प बसले असते, तर आज तेथे उद्यान नसते.

तेलंगण सरकारकडे आमचे मागणे फार नाही. नियमितीकरणातून ज्या वसाहतीचे जितके पैसे आले, तितके तिच्याच गटारांवर आणि रस्त्यांवर खर्च व्हावेत, आणि त्याचा हिशेब त्या वसाहतीच्या तोंडाशी फलकावर लागावा. मोकळी जागा विकून खाणाऱ्याची दुसरी मालमत्ता असेल तर त्या १४ टक्क्यांची वसुली आधी तिच्यातून व्हावी. गहाण ठेवलेले १५ टक्के भूखंड सोडण्यापूर्वी, ज्यांनी उरलेले भूखंड घेतले आहेत त्यांना जाहीर सूचनेने विचारावे: रस्ता झाला काय, किती फुटांचा झाला? मोजपट्टी त्यांच्याच हाती द्यावी. अधिकाऱ्याच्या पट्टीपेक्षा ती अधिक काटेकोर ठरेल, याविषयी आम्हांस शंका नाही.

आणि येत्या दिवाळीत जे आपले बांधव पैसे बांधून हैदराबादेस निघतील, त्यांना एवढेच सांगावयाचे आहे. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जागेचे भूखंड पाडून विकावयाचे तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी लागते. तो क्रमांक मागा. अंतिम लेआउटची प्रत मागा आणि रस्त्यांचे दानपत्र झाले काय ते विचारा. चहा घेतला तरी विचारा. मग कमानीपासून रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पायी जा. तो टोकाला पुढच्या रस्त्यास मिळतो, की भिंतीशी वा कोणाच्या तरी नावावर मुद्दाम राखलेल्या फूटभर पट्टीशी संपतो, ते डोळ्यांनी पाहा. पलीकडच्या शेतात कोणी राबत असेल तर त्याला विचारा, की श्रावणात येथून पाणी कोणीकडे वाहते.