सत्राअखेर एक पुस्तक

पहिले सत्र सुरू झाले की शाळाशाळांतून प्रकल्पांची यादी निघते. पानांचा संग्रह, परिसरातील पक्षी, माझा गाव, पाणी वाचवा. दिवाळीच्या सुट्टीआधी फायली जमा होतात, नोंदवहीत गुण भरले जातात आणि गठ्ठा कपाटावर चढतो. पुढे त्यातली फाईल सहसा कुणी उघडत नाही. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली छापील चित्रे कापून चिकटवणे, तक्ता रंगवणे, थर्माकोलचे घर उभे करणे यात मुलाचे हात गुंतलेले दिसतात. पण त्यासाठी त्याला काही वाचावे लागलेले नसते, आणि त्याच्या स्वतःच्या मनातलेही त्यात काही उतरलेले नसते. म्हणून डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतल्या शिक्षकांपुढे आम्ही यंदा एकच आग्रह धरतो आहोत. सत्रभर एकच प्रकल्प घ्या, त्याचे पुस्तक होऊ द्या, आणि ते पुस्तक पुढच्या वर्गातल्या मुलांनी वाचावे म्हणून वर्गाच्या पुस्तकपेटीत ठेवा.

हे सांगायला या दोन तालुक्यांइतकी योग्य जागा दुसरी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली ती तिथलीच. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने आली. नंतर १९८२ पासून ऐन्याच्या ग्राममंगल या संस्थेने हा धागा पुढे नेला. गणिताच्या साधनांत आपण हा वारसा बऱ्यापैकी उचलला. पहिलीच्या वर्गात चिंचोके आणि काड्यांचे गठ्ठे आज सहज दिसतात. वाचनात मात्र आपण तिथवर पोचलो नाही. मूल मोजते ते आपल्या अंगणातले चिंचोके, पण वाचते ती दुसऱ्याच कुणाच्या अंगणातली वाक्ये.

आपल्याकडच्या मुलाची अडचण दुहेरी आहे. घरी वारली, धोडी, कोकणी किंवा किनाऱ्यावरची मांगेली बोली. तलासरीकडे त्यात गुजराती शब्दांची भर. शाळेत आल्यावर अक्षर नवे आणि भाषाही नवी. दोन्ही ओझी एकाच वेळी उचलायला लावून आपण ‘वाचनात मागे’ असा शेरा मारतो. वाक्य मुलाचे स्वतःचे असेल तर ओळखायचे उरते फक्त अक्षर. अर्थ त्याच्याकडे आधीच असतो. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर याच वाटेने गेल्या. मुलाला आज कोणता शब्द हवा आहे हे विचारून तो कार्डावर लिहून द्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलाने तो ओळखला नाही तर कार्ड बाजूला टाकायच्या. शब्द मुलाच्या मनातला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. चूक मुलाची धरली जात नसे. त्यांचे ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ साली आले.

आता एका पानापुरते बोलू. धरा, तिसरीतली एक मुलगी आवणीच्या दिवसांत चार-सहा दिवस शाळेत आली नाही. ती परत आल्यावर हजेरीपटाचा विषय काढू नका. तिला जवळ बसवून विचारा, काय केलेस? राबातले रोप उपटले, जुड्या बांधल्या, बांधावर धाकट्या भावाला सांभाळले, खेकडा धरला, आईने इरले घेतले होते. ती बोलेल तशी तिची वाक्ये तिच्याच बोलीत कागदावर उतरवा. एकही शब्द ‘सुधारू’ नका. मग तेच तिला वाचायला द्या. ती अडखळेल, पण पुढे काय आहे ते तिला ठाऊक असल्यामुळे थांबणार नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या पानावर तेच प्रमाण मराठीत तुम्ही दोघांनी मिळून लिहायचे. तिचा शब्द आणि पुस्तकातला शब्द समोरासमोर आले की ती स्वतःच बोट ठेवून सांगेल, कुठे काय बदलले. व्याकरणाचा एवढा चांगला तास आखून घेता येत नाही. तिसऱ्या दिवशी चित्र. चौथ्या दिवशी ते पान ती पहिलीच्या मुलांना वाचून दाखवील. वाचता वाचता तिला काहीतरी आठवेल आणि ती म्हणेल, गुरुजी, हे राहिले. तिथून लेखन सुरू होते.

चित्राबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे आपल्याकडून फार मोठा ठेवा वाया जातो आहे. वारली चित्र म्हटले की वर्गातली सगळी मुले तारप्याभोवतीचे तेच वर्तुळ काढतात, दोन त्रिकोणांची तीच माणसे, पुष्कळदा छापील नमुन्यावरून. शुभेच्छापत्राची किनार म्हणून ते ठीक आहे. पण वारली चित्र वाचायचे असते. लग्नाच्या चौकात पालघाट देवी कुठे आहे, भोवती काय काय चालले आहे, हे जाणणारी बाई ते चित्र घरभर सांगू शकते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा, आयुष्य गेले डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कलंबीपाड्यावर. लहानपणी आई गेल्याच्या धक्क्याने त्यांची वाचा बंद झाली आणि ते मातीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगू लागले, असे त्यांच्याबद्दल सांगतात. २०११ साली ते पद्मश्री झाले. वर्गात न बोलणाऱ्या मुलाच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिण्याआधी म्हसे आठवावेत. त्याच्या हाती काडी द्यावी आणि काढून झाल्यावर विचारावे, हा कोण, तो कुठे चालला आहे?

साहित्य घरचेच घ्या. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग पांढऱ्या कागदावर उठत नाही. खाकी कागदावर गेरूचा हात फिरवून वाळवून घ्या, पिठात थोडा डिंक घाला म्हणजे खपली निघत नाही, आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करा. हे सगळे मुलांना तुमच्याहून अधिक माहीत असेल. त्यांच्याकडून शिकून घ्या. पाड्यावरच्या, लग्नात गाणी म्हणणाऱ्या एखाद्या धवलेरीला वर्गात बोलावले तर आणखी चांगले.

विषय गावागणिक वेगळे निघतील. धाकटी डहाणूच्या मुलांचे पुस्तक डोलजाळ्याचे आणि वाळत घातलेल्या बोंबलांचे होईल, घोलवड-बोर्डीचे चिकूच्या वाडीचे, डहाणू शहराजवळच्या एखाद्या शाळेचे फुग्यांच्या कारखान्याचे. धुंदलवाडी-दापचरीकडच्या शाळांना आमचे खास सांगणे आहे. नोव्हेंबर २०१८ पासून त्या भागाला भूकंपाचे धक्के बसू लागले, भिंतींना तडे गेले, लोक थंडीत घराबाहेर झोपले. आज प्राथमिक शाळेत असलेली मुले तेव्हा तान्ही होती किंवा जन्मलीच नव्हती. त्यांनी आजीला, काकाला, शेजाऱ्याला विचारून ते दिवस लिहून काढावेत. जमीन का हलते याचा पाठ त्यानंतर शिकवला तर मुले तो कान टवकारून ऐकतील.

नुसते आपलेच लिहून आपलेच वाचत बसले तर मात्र पुस्तक लवकर आटते. बाहेरची पुस्तके रोज वर्गात यायला हवीत, रोज निदान एक मोठ्याने वाचून दाखवले गेले पाहिजे. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर आधी गोष्टी सांगतो, वर्गाचे ग्रंथालय उभे करतो, आणि पाठ्यपुस्तकाकडे त्यानंतर वळतो. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ कुडाच्या घरात राहणाऱ्या मुलासमोर ठेवले तर ते लगेच सांगू लागते, आमच्या घरात कोण कोण आहे, भिंत कशाची आहे, कोंबड्या कुठे झोपतात. ते सांगणे हेच पुढच्या पानाचे पहिले वाक्य. वाडा तालुक्यात सोनाळ्याहून काम करणारी क्वेस्ट ही संस्था ‘गोष्टरंग’मधून पुस्तकातली गोष्ट मुलांपुढे नाटकासारखी उभी करते. ज्यांना जमेल त्यांनी तो खेळ जरूर पाहावा.

मुख्याध्यापकांचा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे: गुण कुठे भरायचे? आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधन-तंत्रांत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य ही सगळी आहेत. मुलीने सांगितले ते तोंडी काम, रंग केला ते प्रात्यक्षिक, आजीला विचारून आणले तो उपक्रम, पुस्तक हा प्रकल्प. भाषा, परिसर अभ्यास आणि कला या तिन्ही विषयांच्या नोंदी या एका कामातून निघतात. वेगवेगळ्या दहा फायली तपासण्याचा वेळ वाचतो, तो मुलांचे ऐकण्यात घालवता येईल.

वेळापत्रक मात्र घट्ट पाळावे लागेल. आवणी संपेपर्यंत बोलणे, ऐकणे, जमवणे. भादव्यात लिहिणे आणि चित्रे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आपल्याला आयता सापडला आहे. त्या दिवशी पाहुण्यांची भाषणे कमी करा आणि मुलांना आपापली पुस्तके पालकांसमोर वाचू द्या. दिवाळीच्या पुढे ढकलू नका. भात झोडून झाले की कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात, मुलेही त्यांच्याबरोबर जातात. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती करा, एक पेटीत आणि एक मुलाच्या दप्तरात. भट्टीवर शिकवायला कुणी भेटले, तर हे मूल कुठवर आले आहे ते त्या पुस्तकावरून चटकन कळेल.

मूळ प्रती शाळेतच राहू द्या, छायाप्रती आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकांतली काही पाने त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत. सोबत शिक्षकाने अर्ध्या पानात लिहावे: पहिले वाक्य कसे निघाले, कोणते मूल अडले, कोणत्या पानावर मुलांनी थांबून वाद घातला. मुलांच्या मजकुरातले शुद्धलेखन आम्ही दुरुस्त करणार नाही, तुम्हीही पाठवण्याआधी करू नये.