साइडपट्टी रिकामी नसते : इंदापूरचा एक विसरलेला धडा

१/
पुणे–सोलापूर महामार्गावर वाहनांची रांग लागली की एक सूचना हमखास पुढे येते : गर्दीच्या तासांपुरती साइडपट्टी वाहतुकीला खुली करा, परदेशात करतातच की! सूचना बिनखर्ची वाटते, शहाणपणाचीही वाटते. बारामती-इंदापूरच्या रस्त्यांसाठी मात्र ती घातक आहे. तिच्या मुळाशी असलेली चूक इंदापूरने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एकदा भोगलेली आहे. #धागा

२/
प्रथम परदेशाचा दाखला तपासू. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये बर्मिंगहॅमजवळ एम-४२ मोटरवेच्या सुमारे १७ किलोमीटर टप्प्यात हा प्रयोग सुरू झाला. गर्दी वाढली की डोक्यावरच्या कमानींवरील फलक उजळत, वेगमर्यादा ताशी ५० मैलांवर येई आणि साइडपट्टी लेन म्हणून खुली होई. बंद पडलेल्या गाडीसाठी साधारण दर ५०० मीटरवर थांबण्याची सुरक्षित जागा होती. पट्टी खुली करण्यापूर्वी ती मोकळी असल्याची खात्री कॅमेऱ्यांतून केली जाई.

३/
या व्यवस्थेचा पाया मात्र फलक किंवा कॅमेरे नव्हते. पाया होता १९४९ चा ‘स्पेशल रोड्स ॲक्ट’. या कायद्यामुळे ठरावीक वर्गाच्या वाहनांपुरतेच रस्ते बांधता आले आणि मोटरवेवर पादचारी, सायकल, जनावरे यांना मज्जाव झाला. १९५९ मध्ये एम-१ खुला झाला तेव्हा त्याच्या कडा मऊ होत्या. त्या पुढे पक्क्या केल्या गेल्या. तिथली साइडपट्टी एरवी मोकळी असते, कारण पायी चालणाऱ्याला आणि गाडीवानाला कायद्याने आधीच तिथून दूर ठेवलेले असते.

४/
इतके करूनही काय झाले? पट्टी केव्हा खुली आणि केव्हा बंद, याबाबत चालकांचा गोंधळ होतो, हे मान्य करून मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने हा ‘कधी खुली, कधी बंद’ प्रकार संपवून तिथे कायमची लेन करण्याचे ठरवले. पुढे त्या कायमच्या लेनवरही टीकेची झोड उठली. एप्रिल २०२३ मध्ये खर्च आणि जनतेचा उडालेला विश्वास ही कारणे देऊन असे नवे मोटरवे बांधण्याचा बेतच सोडून देण्यात आला. नेदरलँड्स आणि जर्मनीत ही पद्धत आजही आहे; पण तीही गाडीवान आणि पादचारी नसलेल्या रस्त्यांवर, अखंड देखरेखीखाली.

५/
आता आपल्याकडे या. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला आणि या कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंदनगरचा कारखाना झाला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. पुढे बिजवडी आणि शहाजीनगर यांची भर पडली. या कारखान्यांकडे जाणारा ऊस रस्त्यानेच जातो.

६/
दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत या रस्त्यांच्या कडेने काय चालते? उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या, बीड-अहिल्यानगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबे, मेंढपाळांचे कळप, शाळेची मुले, एसटीची वाट पाहणारे प्रवासी. अंधारात लाल रिफ्लेक्टर हीच अनेक गाड्यांची एकमेव खूण असते. ज्यांच्याकडे वेग नाही, त्यांचा रस्ता म्हणजे साइडपट्टी. तिला ‘रिकामी’ म्हणणारी नजर मोटारीच्या काचेआडची आहे.

७/
ही वहिवाट महामार्गाहून जुनी आहे. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, अशी परंपरा आहे. आज ती पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी वाट चालते. काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीत गोल रिंगण. लाखो पावले चालतात तो हाच रस्ता.

८/
शासनानेही हा हक्क मान्य केलेला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्यांतला पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा टप्पा बारामती-इंदापुरातून जातो. त्याच्या आराखड्यात दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ आहेत. कडेने चालणाऱ्याला कडेची जागा द्यावी लागते, हे तत्त्व आषाढातील वारकऱ्याला लागू होत असेल, तर पौषातील ऊसतोड मजुराला का नाही?

९/
आता इंदापूरचा जुना धडा. १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल या कंपनी अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करवली. हेलीबरीत अर्थशास्त्र शिकून आलेल्या प्रिंगलने रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत प्रमाण मानला : उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यावा. कागदावर हिशेब निर्दोष होता.

१०/
शेतात तो कोसळला. आकडे सदोष होते, मोजणीत गैरव्यवहार होते, सारा झेपणारा नव्हता. जमिनी ओस पडल्या. शेतकरी गाव सोडून निजामाच्या मुलखात गेले. अखेर हेन्री गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट इंदापुरात आले. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला आणि मातीचा प्रकार व खोली पाहून, प्रत्यक्ष परिस्थितीला धरून नवा आकार ठरवला. १८३६ पासून इंदापुरात तीस वर्षांच्या मुदतीने तो लागू झाला. पुढे मुंबई इलाख्याची रयतवारी याच नमुन्यावर उभी राहिली.

११/
विंगेट-गोल्डस्मिड संत नव्हते. त्यांचीही व्यवस्था साम्राज्याच्या तिजोरीसाठीच होती आणि १८७५ मध्ये आजच्या बारामती तालुक्यातील सुप्यातूनच शेतकऱ्यांच्या उठावाची ठिणगी पडली. पण एक गोष्ट त्यांना कळली होती : दुसऱ्या भूमीवर बेतलेला सिद्धांत या भूमीवर लादण्यापूर्वी इथे काय आहे ते पाहावे लागते. साइडपट्टीचे आजचे पुरस्कर्ते प्रिंगलच्या बाजूला उभे आहेत.

१२/
‘मग कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेचे काय?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर याच सूचनेच्या विरोधात जाते. मुख्य लेन तुंबल्यावर रुग्णवाहिकेला उरणारी अखेरची वाट साइडपट्टीच असते. ती मोटारींनी भरली की तीही बंद. शिवाय दुपदरी महामार्गाच्या भारतीय मानकात लेन साडेतीन मीटरची असते आणि पक्की साइडपट्टी त्याहून अरुंद. तिच्यात ट्रक नीट मावत नाही. मावतो तो फक्त अपघात.

१३/
कोंडीवर उपाय आहेत : ढाब्यांपुढील बेकायदा पार्किंग हटवणे, एसटी थांब्यांना रस्त्याबाहेर जागा देणे, सलग सेवारस्ते बांधणे, कारखान्यांच्या परिसरात ऊसगाड्यांसाठी वेगळी वाट करणे. हे खर्चिक आहे आणि त्यात कुणाची तरी गैरसोय आहे. साइडपट्टी खुली करण्याचे आकर्षण नेमके इथे आहे : तिचा खर्च ज्यांच्यावर पडतो, ते तक्रार करायला येत नाहीत.

१४/
म्हणून मागणी एवढीच : महामार्गाची एक इंचही कड ‘रिकामी’ ठरवण्यापूर्वी ऐन गळीत हंगामात एक दिवस आणि एक रात्र तिथे उभे राहून मोजणी व्हावी. किती बैलगाड्या, किती ट्रॉल्या, किती माणसे पायी? मोजणी आधी आणि धोरण नंतर, हा क्रम इंदापूरला १८३६ मध्ये मिळाला. तोवर गावे ओस पडून गेली होती. या वेळी तो क्रम आधीच पाळावा.