सायकलसाठी जीपीएस यंत्र घ्यावे का?

या उन्हाळ्यात सायकलने मनालीहून लेहला निघालेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "पंचवीस हजारांचे जीपीएस यंत्र घेऊ का? तिकडे मोबाइलला रेंज नसते."

या प्रश्नात एक गैरसमज दडलेला आहे, आणि तो विज्ञानाच्या पदवीधरांतही आढळतो. स्थान कळण्यासाठी रेंज लागतच नाही. फोनमधला जीपीएस फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत पकडून, ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून तो अंतरे काढतो. चौथा उपग्रह लागतो तो फोनच्या स्वस्त घड्याळातली चूक काढून टाकण्यासाठी. कारण वेळ एका मायक्रोसेकंदाने चुकली, तर अंतर ३०० मीटरांनी चुकते. नेटवर्क नसल्यास पहिले स्थान मिळायला थोडा उशीर होतो, इतकेच. नकाशाला मात्र इंटरनेट लागते. पण तो मनालीतच डाउनलोड करून ठेवता येतो.

मग वेगळ्या यंत्राचे काम काय? बॅटरी दिवसभर टिकते, पडदा भर उन्हात वाचता येतो, पावसाची भीती नसते. आणखी एक खरा लाभ आहे. सगळे उपग्रह आपल्या डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे जीपीएसने काढलेली उंची आडव्या स्थानापेक्षा अधिक चुकते. चांगल्या यंत्रांत हवेचा दाब मोजणारा संवेदक असतो आणि चढाचा हिशेब तो अधिक नीट ठेवतो. ५,३०० मीटरांवरच्या टांगलांग ला खिंडीकडे जाताना हे सुख मोठे आहे, पण गरज नव्हे. तो रस्ता मुळात एकच आहे, चुकायचे कुठे?

खोक्यावर 'नाविक' छापलेले दिसले तर अभिमान जरूर वाटावा. जादा पैसे मात्र त्यासाठी मोजू नयेत. या भारतीय यंत्रणेतल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही आण्विक घड्याळे बंद पडली होती. २९ मे २०२३ रोजी स्वदेशी घड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ गेला. लहान उपकरणांना सोयीचा एल-१ संकेत त्याच्यापासून सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. तूर्त नाविक हा इतर यंत्रणांना जोड म्हणूनच पाहावा.

एका गोष्टीबाबत मात्र काटेकोर राहा. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे परदेशी संकेतस्थळांवर सायकलस्वारांसाठी म्हणून सर्रास विकली जातात. ती ऐकतात आणि बोलतातही. दूरसंचार विभागाच्या परवानगीविना ती भारतात बाळगणे बेकायदा आहे आणि त्यापायी परदेशी पर्यटकांना ताब्यातही घेतले गेले आहे. संपर्कासाठी पोस्टपेड सिम घ्या. बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी यंत्र घेऊ नको, असे सांगितले. फोन, दोन पॉवर बँक आणि एक छापील नकाशा एवढे पुरेल. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री त्या स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचे.