मोत्याचे पाळणाघर

आमच्या घरातून रोज सकाळी तीन डबे बाहेर पडतात. एक माझा, एक हिचा आणि तिसरा मोत्याचा. तिसऱ्या डब्यावर पट्टी चिकटवून हिने सुवाच्य अक्षरात 'मोत्या, दुपारी १, कांदा नाही' असे लिहिले आहे. माझ्या डब्यात काय आहे याची इतकी चौकशी या घरात गेल्या वीस वर्षांत झालेली नाही. पण ती तक्रार या सदरातून पूर्वी होऊन गेली आहे, म्हणून इथेच थांबतो.

मोत्या म्हणजे आमचा कुत्रा. जात विचाराल तर शुद्ध गावठी. सहा वर्षांपूर्वी आमचे अण्णा वरसोलीच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला गेले आणि येताना उपरण्यात गुंडाळून त्याला घेऊन आले. "दोन दिवस ठेवू, मग बघू," असे ते म्हणाले होते. ते दोन दिवस अण्णा गेले तरी संपले नाहीत. गेल्या आषाढात अण्णा गेले. त्यानंतर महिनाभर मोत्या पहाटे पाच वाजता फाटकापाशी जाऊन बसे आणि ऊन तापले की उठून येई.

तोवर आई घरात होती म्हणून निभावले. पुढे आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि ती ताईकडे नाशिकला गेली. मुलगी शिकायला पुण्याला. मी कॉलेजात, ही पेणला बँकेत. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत घराला कुलूप आणि आत एकटा मोत्या. आठव्या दिवशी शेजारचे काका कुंपणापाशी आले आणि संकोचून म्हणाले, "सर, राग मानू नका. भुंकला असता तर मी बोललो नसतो. पण तो दिवसभर रडतो हो."

त्या रात्री आम्ही दोघे जेवलो खरे, पण बोललो नाही.

कुत्र्यांना दिवसभर सांभाळणारी पाळणाघरे निघाली आहेत हे ऐकून होतो. मुंबई-पुण्यात ती आहेतच. आता आमच्या किनाऱ्यावरही आली आहेत. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी मोटारींच्या खिडक्यांतून कुत्र्यांची तोंडेही दिसू लागली. किहीम, आवास, सासवणे, झिराड या बाजूला बंगले वाढले, बंगल्यांबरोबर कुत्री वाढली, आणि ती सांभाळण्याचा धंदा त्यामागून आला.

कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा ते खो खो हसले. "माणसांच्या पोरांना धड पाळणाघरं मिळेनात, आणि तुम्ही कुत्र्याला घालायला निघालात!" वाचकांपैकीही काहींना असेच वाटेल. वाटू द्या. पण ही काही कालपरवाची विलायती चूष नव्हे. १८३२ साली मुंबईत सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा सुरू झाला, तेव्हा पारशी समाजाने दंगा केला होता; दुकाने बंद पडली होती. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईचा पांजरपोळ उभा केला. आणि आमच्या विषयाचा दाखला हवा असेल तर महाभारतच घ्या. आदिपर्वात सरमा नावाची कुत्री जनमेजयाच्या भावांनी आपल्या पिलाला विनाकारण मारले म्हणून राजाला जाब विचारते. आणि शेवटी स्वर्गाच्या दारात कुत्र्याला मागे टाकायला युधिष्ठिर नकार देतो. एवढा मोठा ग्रंथ, पण त्याच्या दोन्ही टोकांना कुत्रा आहे. सहकाऱ्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "युधिष्ठिराला महिन्याचं बिल येत नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तर पाळणाघर शोधले. गाव सांगत नाही, मालकाचे नावही नाही. दर्शनी खोली झकास होती. भिंतीवर गोऱ्यागोमट्या कुत्र्यांची रंगीत चित्रे, टेबलावर घंटी, मालक गोड बोलणारे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "कधीपासून आणताय?" मी आतली जागा पाहायला मागितली नाही. त्यांनी दाखवलीही नाही. मुलीला बालवाडीत घालताना मी शाळेची मोरीसुद्धा पाहून आलो होतो. मोत्याच्या वेळी मात्र पैसे भरून, पावती घेऊन, घड्याळ पाहत कॉलेज गाठले. चूक त्यांची होतीच, पण पहिली चूक माझी.

आठवडाभरात मोत्या त्या गल्लीच्या तोंडाशीच बसकण मारू लागला. आम्ही म्हटले, नवीन आहे, रुळेल. तिसऱ्या आठवड्यात त्याने अन्न टाकले. अंग तापलेले, हिरड्या पांढुरक्या. डॉक्टरांनी कानाच्या आत बोट फिरवले आणि एकामागून एक चार गोचिड्या काढून ताटलीत टाकल्या. गोचिडीतून होणारा ताप. रक्त तपासले तर प्लेटलेट उतरलेल्या. चार आठवडे गोळ्या. डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "गोचिडी कुठूनही चिकटते, कोकणात तर फारच. ती कुठली हे मी सांगणार नाही. पण जो माणूस दिवसभर कुत्र्याला हात लावतो त्याला त्या दिसायला हव्या होत्या." हे वाक्य मला लागले, कारण संध्याकाळी तो आमच्याच हातात असे.

दुसऱ्या दिवशी मी न कळवता त्या जागी गेलो. पत्र्याची शेड, खाली अकरा कुत्री, प्रत्येक हातभर साखळीला. पाण्याचे भांडे उपडे. राखायला एक पोरगा, तो मोबाइलमध्ये. मी काही बोललो नाही. वर्गात पाऊण तास बोलणारा माणूस मी, पण तिथे तोंडातून शब्द फुटेना.

१९६० सालच्या प्राण्यांच्या क्रूरताप्रतिबंधक कायद्यात आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, पुरेसे अन्नपाणी-निवारा न देणे हा गुन्हा आहे, हे मला नंतर कळले. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात धन्याने हयगय करणे हाही त्यात गुन्हाच आहे. हे वाचताना आमचे कुलूप आठवले. पुढे २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि २०१८ साली प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्राने नियम केले. पण ते पैदाशीचे आणि विक्रीचे. दिवसभर सांभाळणाऱ्याची पारख आपली आपणच करावी लागते.

रोज संध्याकाळी नाशिकहून आईचा फोन येई. स्वतःच्या गुडघ्याबद्दल ती एक वाक्य बोले आणि मग विचारी, "मोत्या जेवला का?" आठ दिवस आम्ही "जेवला" म्हणून सांगितले. नवव्या दिवशी ती म्हणाली, "अरे, तुझे अण्णाही दवाखान्यात असताना तू असंच म्हणायचास." मग सगळे सांगितले.

दुसरे पाळणाघर डॉक्टरांनीच सुचवले. नागावच्या बाजूला एका नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, सगळे त्यांना ताई म्हणतात. मुंबईत पशुवैद्यकीय दवाखान्यात बरीच वर्षे काम करून गावी परतलेल्या. या वेळी मी प्रश्नांची यादी करून नेली होती. ती खिशातच राहिली, कारण ताईंनीच आमची मुलाखत घेतली. लसी कधी टोचल्या, कार्ड दाखवा. रेबीजची कधी? डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोची कधी? नसबंदी झाली आहे का? कुणाला चावला आहे का, खरे सांगा. जेवताना जवळ गेलेले चालते का? फटाक्यांना भितो का? लहान मुलांत वाढला का? मी एम.ए.ची तोंडी परीक्षा दिली तेव्हाही इतका घाम फुटला नव्हता. शेवटी पेन थांबवून त्यांनी विचारले, "घरातलं कुणी नुकतं गेलं आहे का?"

हिने पदर डोळ्यांना लावला. मी अण्णांचे सांगितले. ताईंनी ते लिहून घेतले. "पहाटे पाच, फाटक" असेही लिहिले.

आणि मग आम्हाला परत पाठवले! गोळ्या पुऱ्या होऊन रक्त ठीक आल्याशिवाय, अंगावर एकही गोचिडी राहिलेली नाही असे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेणार नाही म्हणाल्या. मला तेव्हा राग आला. आता वाटते, ज्या दारातून आपला आजारी कुत्रा आत जात नाही, त्या दारातून दुसऱ्याचाही जात नसेल.

जागा मात्र त्यांनी न विचारता दाखवली. आत शिरायला दोन दारे, एक लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. कारण बाहेर रेवदंड्याचा रस्ता आहे आणि सुटलेल्या कुत्र्याला मोटार कळत नाही. मोठी कुत्री एका अंगणात, लहान दुसऱ्यात. वयापेक्षा स्वभाव पाहून टोळ्या पाडतात. एका माणसामागे आठ-दहाहून जास्त कुत्री नाहीत, हा त्यांचा नियम. नव्याने खोकला धरलेल्याला वेगळी खोली. कुत्र्यांचा खोकला एकापासून दहांना होतो. माजावर आलेली कुत्री घेत नाहीत. काठी मला कुठे दिसली नाही. पावसाळ्यात अंगणात साचलेले पाणी उपसायची मोटर आहे. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो आणि तो माणसांनाही सोडत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथली झाडे कशी मोडली ते त्यांनी पाहिले होते, म्हणून वादळाचा इशारा आला की त्या दिवशी पाळणाघर बंद आणि ज्याचा कुत्रा त्याच्या घरी.

मला सर्वांत नवल वाटले ते दुपारचे. बारा ते तीन सगळ्यांनी झोपायचे. मी समजत होतो, दिवसभर हुंदडायला मिळाले म्हणजे पैसे वसूल. ताई म्हणाल्या, "दिवसभर खेळवलेला कुत्रा दमत नाही, चिडतो. भांडणं संध्याकाळीच होतात." शिवाय ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो. आणि पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. एका बंगलेवाल्यांचा पग चैत्रात भर दुपारी किनाऱ्यावर पळवा असा आग्रह होता. ताईंनी त्यांना हात जोडले.

एका कागदावर सही घेतली. आम्ही फोनवर सापडलो नाही तर कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, किती खर्चापर्यंत विचारायची गरज नाही. तो कागद मला प्रथम अशुभ वाटला. हिने मात्र वाचून लगेच सही केली. बँकेतली माणसे अशा बाबतीत शहाणी असतात.

पहिल्या दिवशी एक तास, तोही मी बाहेरच्या बाकावर बसून. दुसऱ्यांदा दोन तास. मग अर्धा दिवस. पंधरवड्याने पूर्ण दिवस. पहिल्या पूर्ण दिवशी संध्याकाळी ताईंनी चिठ्ठी दिली: "निम्मं जेवला. एकाशीच खेळला. फाटकापाशी चाळीस मिनिटं बसला, आम्ही उठवलं नाही." पहिल्या पाळणाघरात रोज "मस्त आहे, मस्त आहे" ऐकत होतो. ही चिठ्ठी वाचून मात्र माझा जीव पहिल्यांदा भांड्यात पडला. जे काही तिथे झाले ते कुणीतरी पाहिले होते.

हो, पैशाचे सांगायचे राहिले. स्वस्त नाही. आम्ही आठवड्यातले पाच दिवस पाठवतो आणि त्यासाठी महिन्यातून दोनदा बाहेर जेवणे बंद केले आहे. ज्यांच्या घरी दुपारी कुणी असते त्यांनी या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हातारा, आजारी किंवा दुसऱ्या कुत्र्यांची धास्ती घेणारा कुत्रा असेल तर शेजारच्या एखाद्या होतकरू मुलाला दुपारी तासभर फिरवायला सांगणे बरे. ताई स्वतःच असे सांगून चार गिऱ्हाइके परत पाठवतात.

चिठ्ठ्या आता एका तारेला अडकवून ठेवल्या आहेत. रोज संध्याकाळी आईचा फोन आला की मी त्या दिवसाची वाचतो. आईने ऐकताना मध्ये बोलायचे नाही असा करार आहे, तो ती पाळत नाही. परवाच्या चिठ्ठीत होते: "पूर्ण जेवला. तिघांशी खेळला. फाटकापाशी गेला नाही." आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं झालं," आणि जरा थांबून, "विसरला म्हणायचा." मी म्हटले, "आई, पहाटे पाचला घरच्या फाटकापाशी अजून जातो." हे खरे आहे, पण हल्ली पाच-दहा मिनिटांत परत येतो, हे मी सांगितले नाही.

दिवाळीत ताईंचे पाळणाघर चार दिवस बंद. फटाक्यांच्या दिवसांत कुत्रा आपल्या घरी, आपल्या माणसांच्या पायाशीच असावा, यावर त्या कोणाचे ऐकत नाहीत. आतल्या खोलीच्या खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, रेडिओ जरा मोठा लावायचा, संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणायचे, गळ्यात नाव-नंबराची पट्टी ठेवायची. चॉकलेट आणि मनुका घातलेला फराळ त्याच्या तोंडाला लागणार नाही असा उंचावर ठेवायचा. हिने चिवड्याचा डबा आतापासूनच माळ्यावर टाकला आहे, त्यामुळे तो मलाही सापडत नाही.

वसुबारसेला आई परत येते आहे. तिचा बेत असा की आता ती घरात असल्यावर मोत्याने कुठे जायचे कारण नाही. ताईंचे म्हणणे वेगळे: नव्या गुडघ्याच्या बाईने ओढणाऱ्या कुत्र्याची साखळी निदान सहा महिने हातात धरू नये, आणि मोत्याला आता मित्र झाले आहेत, आठवड्यातून दोन दिवस तरी पाठवाच. मला ताईंचे पटते. हिलाही पटते. आईला कोणी सांगायचे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. तिसरा डबा तूर्त ओट्यावरच, पट्टीसकट, घासून पालथा घातलेला आहे.