दुखावलेला प्रतिपक्षी



गेल्या डिसेंबरांत आपल्या शाळेच्या मैदानावर परगांवच्या एका शाळेशीं फुटबॉलचा जो अंतिम सामना झाला, तो आपणांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. मध्यंतरानंतर थोड्याच वेळानें प्रतिपक्षाच्या राइट बॅकचा पाय मुरगळला. त्यांचे राखीव खेळाडू अगोदरच उतरून गेले होते. त्यामुळें तो मुलगा लंगडत लंगडत आपल्या जागीं उभा राहिला. इतक्यांत कडेच्या रेषेजवळून कोणीसा मोठ्यानें ओरडला, "त्या बाजूनें चला! लंगड्याच्या बाजूनें!" मुलांनीं आज्ञा पाळली. त्याच बाजूनें दोन गोल झाले व ढाल आपल्या शाळेला मिळाली. ओरडणारा मनुष्य प्रेक्षकांतील कोणी उनाड पोरगा नव्हता. तो संघाबरोबर असलेला शिक्षक, म्हणजे प्रस्तुत लेखकच होता.

त्या दिवशीं मला यांत कांहीं गैर वाटलें नाहीं. नियमभंग झाला नव्हता. कोणीं कोणाला पाडलें नव्हतें. परंतु पुढें उन्हाळ्याच्या सुटींत योसेफ मासोपुस्त या चेक खेळाडूची हकीकत वाचण्यांत आली, आणि तेव्हांपासून त्या ढालीकडे पाहिलें कीं मला तो लंगडणारा मुलगा दिसतो. म्हणून ती हकीकत येथें सांगतों.

मासोपुस्तचा जन्म 9 फेब्रुवारी 1931 रोजीं उत्तर बोहेमियांतील मोस्त शहराजवळच्या स्त्रिमित्से या खेड्यांत एका खाणकामगाराच्या घरीं झाला. मासोपुस्त हा चेक भाषेंत लेंटच्या उपासकाळापूर्वींच्या मौजेच्या दिवसांना म्हणतात. आणि योगायोग असा कीं, त्याचा जन्मही त्याच दिवसांतला. त्या भागांत जमिनीखालीं कोळसा आहे. ज्या कोळशानें या कुटुंबाला भाकर दिली, त्याच कोळशासाठीं पुढें तें सबंध खेडें पाडण्यांत आलें. मोस्त व तेप्लित्से येथील संघांतून खेळून 1952 सालीं सक्तीच्या लष्करी नोकरीसाठीं तो प्रागला गेला व तेथील लष्करी संघांत दाखल झाला. हाच संघ पुढें दुक्ला प्राग या नांवानें प्रसिद्धीस आला. त्यांत मासोपुस्त सोळा वर्षें खेळला व त्या काळांत संघानें राष्ट्रीय लीगचें विजेतेपद आठ वेळां मिळविलें. त्या वेळच्या साम्यवादी राजवटींत खेळाडूला परदेशीं जाऊन खेळण्याची मोकळीक नव्हती. ती त्याला मिळाली तेव्हां, म्हणजे 1968 सालीं, त्याचें वय सदतीस वर्षांचें होतें. मग तो बेल्जममधील एका संघांत गेला.

त्याची जागा लेफ्ट हाफची. हाफ म्हणजे बॅक व फॉरवर्ड यांमधील दुवा. बॅकनें अडविलेला चेंडू घ्यावा, मैदान नजरेनें जोखावें, आणि फॉरवर्डच्या पायाशीं तो नेमका पोंचवावा, हें त्याचें काम. गोल झाला कीं लोक फॉरवर्डला खांद्यावर घेतात. चेंडू आणून देणाऱ्याची आठवण क्वचितच कोणाला होते. राष्ट्रीय संघाकडून मासोपुस्त 63 सामने खेळला व त्यांत त्याचे गोल अवघे 10. परंतु चेंडू पायाशीं खिळवून, अंगाला हेलकावे देत, दोनतीन प्रतिपक्ष्यांमधून नागमोडी वाट काढण्याची त्याची हातोटी अशी होती कीं, त्या चालीला लोकांनीं त्याचेंच नांव दिलें.

आतां मुख्य प्रसंग. 1962 सालीं चिली देशांत जागतिक स्पर्धा भरली होती. 2 जूनला विन्या देल मार येथें चेकोस्लोव्हाकियाची गांठ ब्राझीलशीं पडली. ब्राझील हा 1958 चा जगज्जेता संघ, व पेले हा त्याचा एकवीस वर्षांचा हिरा. सामना चालू असतांना चेंडू जोरानें मारण्याच्या प्रयत्नांत पेलेच्या मांडीजवळचा स्नायु दुखावला. त्या काळच्या नियमाप्रमाणें बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. जागतिक स्पर्धेंत ती 1970 पासून मिळूं लागली. मैदान सोडावें तर संघांत एक माणूस कमी होतो, म्हणून पेले कडेला जाऊन लंगडत उभा राहिला. पुढें चेंडू त्याच्याकडे आला म्हणजे मासोपुस्त, पोप्लुहार व लाला हे चेकोस्लोव्हाकियाचे खेळाडू त्याच्या अंगावर धांवून जात नसत. ते जवळ येऊन थांबत, त्याला चेंडू आपल्या सोबत्याकडे टाकूं देत, आणि मग पुन्हां खेळाला लागत. सामना 0-0 असा बरोबरींत सुटला.

पेले त्या स्पर्धेंत पुन्हां खेळला नाहीं. परंतु हे दोन्ही संघ 17 जूनला सँटियागो येथें अंतिम सामन्यांत पुन्हां समोरासमोर आले. पंधराव्या मिनिटाला मासोपुस्तनेंच पहिला गोल केला. दोनच मिनिटांनीं आमारिल्दोनें त्याची फेड केली, आणि हा आमारिल्दो पेलेच्या जागीं आलेला खेळाडू! शेवटीं ब्राझीलनें 3-1 असा विजय मिळविला. म्हणजे त्या सौजन्यानें चेकोस्लोव्हाकियाच्या पदरांत कांहीं पडलें असें नाहीं. मला ही गोष्ट मोलाची वाटते ती याचसाठीं.

येथें चिकित्सक वाचक म्हणेल, "चेकोस्लोव्हाकियानें पहिला सामना स्पेनवर 1-0 असा जिंकला होता, बरोबरी त्यांना परवडणारीच होती. मग यांत मोठेपणा कसला?" शंका रास्त आहे, व तिचें उत्तर द्यावयास हवें. बरोबरी परवडणारी होती हें खरें. पण जगज्जेत्यांस जिंकण्याची आयती संधि समोर लंगडत उभी होती, हेंही तितकेंच खरें. हावरेपणाला बरोबरी कधींच पुरेशी वाटत नाहीं. मला तर ढाल पुरेशी वाटली नाहीं. एक गोल झाल्यावर मीं दुसऱ्यासाठींही त्याच बाजूकडे बोट दाखविलें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रतिपक्षाचें उणें हेरून तेथेंच घाव घालणें हाच खेळ नव्हे काय? होय, तोच खेळ आहे. ज्याला डावा पाय चालवितां येत नाहीं, त्याच्या डाव्या बाजूनें अवश्य जा. तें त्याच्या अभ्यासाचें उणें आहे, आणि उद्यां तो तें भरून काढील. जो दमला असेल त्याला आणखी पळवा. तें त्याच्या व्यायामाचें उणें आहे. परंतु दुखावलेला पाय हें कोणाच्याही कौशल्याचें उणें नव्हे. त्याच्यावर मिळविलेल्या जयानें आपण चांगले खेळलों हें कोठें सिद्ध होतें? आणि हेंही लक्षांत घ्या कीं, मासोपुस्त व त्याच्या सोबत्यांनीं आपलें काम सोडलें नाहीं. त्यांनीं ब्राझीलला गोल करूं दिला नाहीं. दुखावलेल्या मनुष्याच्या अंगावर जाण्याचें तेवढें टाळलें. दया आणि कर्तव्य यांत विरोध आहे असें आपण उगाच मानतों.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, "गुरुजी, परीक्षा, नोकरी, व्यापार, सर्वत्र चढाओढ आहे. असला भोळेपणा शिकवाल तर मुलांचा निभाव कसा लागेल?" त्यांस माझी विनंति अशी कीं, मासोपुस्तला भोळा म्हणतां येईल काय, हें पाहावें. त्याच वर्षीं यूरोपांतील सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटु म्हणून बालाँ दॉर हें सन्मानाचें पारितोषिक त्याला मिळालें. तें अर्थात् त्याच्या खेळाबद्दल मिळालें, सौजन्याबद्दल नव्हे. या दोहोंची सरमिसळ मी करणार नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, सौजन्यानें त्याचा खेळ बोथट झाला नाहीं. तें पारितोषिक एका सामन्यापूर्वीं त्याच्या हातीं देण्यांत आलें. त्यानें तें पिशवींत घातलें आणि सामना आटोपल्यावर तो ट्रामनें घरीं गेला, असें तो पुढें सांगत असे. 29 जून 2015 रोजीं तो वारला. पेलेला त्याच्या त्या वागणुकीची आठवण अखेरपर्यंत राहिली होती.

आतां शब्दांपेक्षां कृति बरी. त्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांना मीं पत्र लिहून झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी कळविली आहे. आपल्या आंतरवर्गीय सामन्यांसाठीं माझी एक सूचना आहे: राखीव खेळाडू संपल्यानंतर कोणी दुखावला, तर प्रतिपक्षाच्या कप्तानाच्या संमतीनें आणखी एक खेळाडू घेऊं द्यावा. ही संमति देणें कप्तानाच्या मर्जीवर राहावें; सक्ति केली तर त्यांत त्याचें असें कांहीं उरणार नाहीं. नियम कितीही केले तरी लंगडणारा कोणीतरी आपल्या वाटेंत कधीं ना कधीं येणारच, आणि त्या घटकेला नियमाचें पुस्तक उघडण्यास वेळ नसतो.

येत्या डिसेंबरांत पुन्हां सामने आहेत. कडेच्या रेषेजवळ मीच उभा असेन. त्या वेळीं माझ्या तोंडून काय निघतें, इकडे मुलांनीं नीट लक्ष ठेवावें. आणि पुन्हां तसेंच कांहीं निघालें, तर तेवढी एक आज्ञा त्यांनीं पाळूं नये.