सैन्यभरतीला निघालाय? धावण्यासोबत मेडिकलचंही बघा

घरात अग्निवीर भरतीची तयारी सुरू असेल, तर पहाटेचा गजर, बूट आणि रस्ता हे तुमच्या ओळखीचं असेल. सगळं लक्ष धावण्यावर. पण मैदान मारून आलेली कितीतरी मुलं पुढे कागदपत्रांत नाहीतर मेडिकलमध्ये अडकतात, आणि त्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही.

आधी क्रम समजून घ्या. २०२३पासून ऑनलाइन लेखी परीक्षा पहिली होते. त्यात निवड झालेल्यांनाच मैदानावर बोलावतात. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलं तर पूर्ण ६० गुण, १० पुलअप्सना ४०. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्सला गुण नाहीत, फक्त पास व्हावं लागतं.

मग कागद. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, जुना चालत नाही. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आजच दुरुस्तीला टाका. इंदूर, बडोदा, बेळगावला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक पाहावं: ज्या जिल्ह्याचा रहिवासी दाखला, त्याच जिल्ह्याच्या भरती कार्यालयाकडे अर्ज करायचा असतो. गाव साताऱ्याचं असलं तरी दाखला इंदूरचा असेल, तर अर्जही तिकडचाच.

आता मेडिकल. डॉक्टर कपडे उतरवायला सांगतात, पूर्ण शरीर तपासतात. मूळव्याध, हायड्रोसील, पायावरच्या फुगलेल्या शिरा, सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं, सगळं पाहिलं जातं. लाजण्यासारखं काही नाही, ही तपासणी सगळ्यांचीच होते. एवढंच बाबांनी किंवा मोठ्या भावाने आधी सांगितलं, तरी मुलगा तिथे बावरत नाही. कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या (काडी घालू नका, प्लीज), दातांवरचं किटण साफ करून घ्या. टॅटूची हौस असेल तर थांबा. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी तो चालतो. आदिवासी समाजांना परंपरेनुसार सवलत आहे.

आणि ‘अनफिट’ असा शिक्का बसला तर? बहुतेक मुलं तिथेच खचतात, दोन दिवस घरी फोनसुद्धा करत नाहीत. खरं तर ठरलेल्या मुदतीत नेमून दिलेल्या लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. मुदत थोडी असते, म्हणून हातात दिलेला कागद तिथेच नीट वाचून घ्यायला सांगा. याच वेळी मैदानाबाहेर ‘साहेबांशी ओळख आहे’ म्हणणारा कुणीतरी भेटतो. त्याला एक रुपयाही देऊ नका. मेडिकल कुणी विकत नाही, विकतो तो फक्त थापा.

मुलगा १८च्या आत असेल तर फॉर्मवर आई-वडिलांची सही लागते. सही करण्याआधी नियम एकत्र बसून वाचा: सेवा चार वर्षांची, आणि सध्याच्या नियमाने त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम घेतात.

मेडिकलमध्ये ‘फिट’ आला तरी पेढे लगेच वाटू नका. अजून मेरिट लिस्ट लागायची असते.